हातसुजेसाठी कॉम्प्रेशन स्लीव्ह: नागपूरच्या उन्हात कितपत चालते?

स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये काखेतल्या गाठी काढल्या की हात सुजू शकतो. त्यासाठीची ही तयार, २०–३० मिमी पारा (mmHg) दाबाची स्लीव्ह, म्हणजे मनगटापासून दंडापर्यंतची घट्ट बाही. कापड चांगलं, शिवण टोचत नाही. गडबड होते ती मापात. धंतोलीतल्या एका सर्जिकल दुकानात हात नुसता बघून 'मीडियम' काढून देतात. तसं घेऊ नका. सकाळी, सूज कमी असताना मनगट, कोपर आणि दंड टेपने मोजून घ्या, मग मापाचा तक्ता बघा.

मोठी खोट वरच्या सिलिकॉन पट्टीची. मे महिन्यात पारा ४५ला टेकला की तिच्याखाली घाम साचतो, पुरळ येतं. मग बायका पट्टी दुमडतात, आणि तिथेच घात होतो: दुमडलेल्या जागी दाब दुप्पट होऊन हात बांधल्यासारखा होतो, सूज खाली पंजाकडे सरकते. त्यापेक्षा बिनपट्टीची मागा. पंजाही सुजत असेल तर नुसती स्लीव्ह नको, सोबत तसाच दाबाचा हातमोजा हवाच.

चढवताना रबरी हातमोजे घाला, नखं लागत नाहीत. तेल-क्रीम रात्री, स्लीव्ह काढल्यावर. रोज कोमट पाण्यात धुवा, पिळू नका, सावलीत वाळवा; म्हणजे दोन लागतातच. सहा महिन्यांत ताण जातो, तेव्हा बदला.

हात लाल, गरम झाला, ताप आला, तर स्लीव्ह काढून त्याच दिवशी डॉक्टर गाठा.