फोंडा की म्हापसा?

भाची गोव्यात मसाल्याचा छोटा कारखाना काढतेय. जागा फोंड्यात घ्यावी की म्हापशात, यावर घरात आठवडाभर खल चालू आहे.

म्हापशाचं बळ म्हणजे शुक्रवारचा बाजार. हरमलच्या मिरच्यांचे ढीग, मयड्याची जाडजूड केळी, पावसाआधी पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या साठवणीची खरेदी. बाई मिरची मोडते, बी बोटावर चोळून वास घेते, मगच भाव विचारते. असं पारखी गिऱ्हाईक दारात हवंच. शिवाय कळंगुट-बागाचे किनारे जवळ, आणि २०२३ पासून मोपाचा विमानतळही. पण पार्किंग आणि भाडं, दोन्हींचा ताप.

फोंड्याकडे पर्यटक मंगेशी, म्हार्दोळ, कवळे इथली देवळं करून परततो, शहरात उतरत नाही. कुणी १५६० ची साफा मशीद पाहिली तर पाहिली. मात्र कुंडई, मडकई, बेतोडा या औद्योगिक वसाहती भोवतीच आहेत. कामगार, पॅकिंगवाले, गाळे दुरुस्त करणारे सगळे हाकेच्या अंतरावर. बेळगावचा रस्ता इथूनच जातो, म्हणजे घाटावरची मिरची-धणे आधी आपल्या दारात. फर्मागुढीला इंजिनिअरिंग कॉलेज आहे, तिथली पोरं मशीनसाठी विचारायला सापडतात. आणि राजीव गांधी कला मंदिरात मराठी नाटक लागलं की अख्खं गाव लोटतं. या शहराला आपलं म्हणणारी माणसं आहेत, ती आपल्या माणसाचा माल आधी उचलतात.

माझं मत फोंड्याला. कारखाना इथे, आणि शुक्रवारी पहाटे माल घेऊन म्हापसा. ताईला अजून पटलेलं नाही.