एडीएचडीच्या बाजारातला माल: गोळी, ब्राह्मी, मासळीचं तेल आणि थेरपीचं पॅकेज

मुलाच्या कागदावर एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलपणा, ही चार अक्षरं आली की आठवड्याभरात घरात सल्ल्यांचा ढीग पडतो. आजी ब्राह्मी सुचवते, शेजारीण सुवर्णप्राशनाची पुढची तारीख सांगते, केमिस्ट ओमेगाची बाटली काढून ठेवतो आणि डॉक्टरांनी लिहिलेली गोळी मात्र चार दुकानं फिरूनही मिळत नाही. मग भांडण लागतं, नैसर्गिक की ॲलोपॅथी. इथे सगळा माल एकाच काट्यावर तोलला आहे: नेमकं काय बदलतं, किती दिवसांत, आणि तो बदल मोजतं कोण.

मोजमापाचं आधी, कारण पैसे इथेच वाया जातात. काहीही सुरू करण्यापूर्वी दोन आठवडे एक साधा तक्ता भरा. तीनच गोष्टी घ्या: सांगितलेलं पहिल्या हाकेला ऐकलं का, फळ्यावरचं वहीत किती उतरलं, जेवताना ताटावरून किती वेळा उठलं. रोज ० ते ३ गुण. एक तक्ता घरी, एक वर्गशिक्षिकेकडे. बाईंना नवीन उपचार सुरू झाल्याचं सांगू नका, म्हणजे त्यांचे गुण कोरे राहतात. आणि एका वेळी एकच बदल करा. गोळी, काढा आणि क्रिकेटचा क्लास एकाच सोमवारी सुरू झाला तर श्रेय कुणाला द्यायचं हे देवालाही कळणार नाही.

निदानही घाईत उरकलेलं नको. लक्षणं घर आणि शाळा दोन्हीकडे, सहा महिन्यांहून जास्त काळ आणि बाराव्या वर्षाच्या आधीपासून हवीत. फक्त गणिताच्या तासाला लक्ष नसेल तर तो गणिताचा प्रश्न असू शकतो. नाकामागची ॲडिनॉइड ग्रंथी वाढल्यामुळे रात्री घोरणारं, झोप पुरी न होणारं मूल दिवसा अगदी एडीएचडीसारखं वागतं. बोलता बोलता दहा सेकंद शून्यात बघून पुन्हा भानावर येणारं मूल फिटचं असू शकतं. कान आणि डोळे तपासणं तर आलंच. खिडकीबाहेर बघत शांत बसणारी मुलगी मात्र यादीत येतच नाही, कारण ती कुणाला त्रास देत नाही.

आता गोळी. मेथिलफेनिडेट हे औषध १९४४ मध्ये सिबा कंपनीच्या प्रयोगशाळेत तयार झालं आणि पुढे रिटालिन या नावाने बाजारात आलं, म्हणजे 'नवीन केमिकल' म्हणावं इतकं ते नवीन नाही. १३३ चाचण्या एकत्र मांडणाऱ्या २०१८ च्या विश्लेषणात मुलांमधला तिचा परिणाम ०.७८ इतका निघाला. या मापावर ०.२ म्हणजे जेमतेम, ०.५ मध्यम, ०.८ ठळक. हा आकडा साधारण तीन महिन्यांच्या वापराचा आहे, हेही लक्षात ठेवा.

साधी गोळी अर्ध्या-पाऊण तासात चढते आणि चार तासांत उतरते. सगळा व्यवहार या चार तासांचा आहे, आणि आपल्याकडच्या शाळांच्या वेळा बघता तो जुळवावा लागतो. सकाळच्या सत्राची शाळा सात ते सव्वाबारा असेल आणि गोळी पावणेसातला घेतली, तर शेवटचा दीड तास कोरडा जातो. दुपारच्या सत्रात पावणेबाराची गोळी पावणेचारला संपते. बाईंची तक्रार 'शेवटच्या तासाला बसतच नाही' अशी आली तर डोस कमी पडतोय असं लगेच समजू नका, आधी घड्याळ बघा. सुरुवात सहसा ५ मिग्रॅने होते, आठवड्याला ५ ते १० मिग्रॅ वाढवत नेतात आणि दिवसाची कमाल मर्यादा ६० मिग्रॅ. दुपारी चारनंतर दिली की रात्री बारापर्यंत डोळे टक्क उघडे. दिवसभर पुरणारी १८ किंवा ३६ मिग्रॅची गोळी मिळते, ती तोडायची किंवा कुटायची नाही. तिच्या एका प्रकाराचं रिकामं कवच शौचातून जसंच्या तसं बाहेर पडतं. ते बघून 'औषध पचलंच नाही' म्हणून दुसरी देऊ नका.

दोष कुठले? भूक मरते, हा पहिला. डबा उघडलाही न जाता घरी परत येतो. उपाय सोपा आहे, पण वेळ पाळावी लागते: भरपेट न्याहारी आधी, गोळी नंतर. तूप घातलेला उपमा, थालीपीठ-लोणी, दोन अंडी, काहीही चालेल, पण चहा-बिस्किटावर भागवू नका. संध्याकाळी औषध उतरलं की भूक उसळते, तेव्हा पोळी-भाजी तयार ठेवा, नाहीतर वेफर्सचं पाकीट जिंकतं. दुसरा दोष, गोळी उतरताना तासभर रडारड आणि चिडचिड. तो तास अभ्यासाला देऊ नका, मैदानावर सोडा. तिसरा, उंची. अमेरिकेतल्या एमटीए या अभ्यासात सलग औषध घेणारी मुलं तीन वर्षांत सुमारे २ सेंमीने मागे राहिली. म्हणून दर सहा महिन्यांनी उंची आणि वजन आलेखावर मांडायचं, नाडी आणि रक्तदाब प्रत्येक वेळी डोस बदलताना. घरात कुणी तरुणपणी अचानक हृदयविकाराने गेलं असेल तर ते डॉक्टरांना पहिल्या भेटीतच सांगा.

चार दुकानांत गोळी का मिळत नाही? ती शेड्यूल एक्स या कडक नियंत्रणाखालच्या औषधांच्या सरकारी यादीत येते. त्यासाठी दुकानाला वेगळा परवाना लागतो, चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि एक प्रत दुकानदार दोन वर्षं जपतो. कोपऱ्यावरचा केमिस्ट एवढ्या उठाठेवीत पडत नाही. मोठ्या रुग्णालयाच्या आवारातलं दुकान आधी गाठा आणि शेवटची पट्टी संपायच्या आठवडाभर आधी निघा. 'चिठ्ठीशिवाय देतो' म्हणणाऱ्याकडून घेऊ नका.

सहा वर्षांच्या आतल्या मुलाला ही गोळी पहिला उपाय म्हणून देत नाहीत. तिथे पालकांचं प्रशिक्षण आधी. ज्यांना ही गोळी झेपत नाही त्यांच्यासाठी ॲटोमॉक्सेटिन आहे: त्याच विश्लेषणात परिणाम ०.५६, पूर्ण गुण यायला चार ते सहा आठवडे. किलोमागे ०.५ मिग्रॅने सुरुवात आणि १.२ पर्यंत वाढ. कॅप्सूल उघडून दुधात मिसळू नका, आतली पूड डोळ्याला झोंबते. सुरुवातीच्या महिन्यांत मूल उदास झालं किंवा मरण्याच्या गोष्टी करू लागलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.

एमटीएची अजून एक गोष्ट या गोळीच्या परीक्षणात आलीच पाहिजे. ५७९ मुलं, चौदा महिने, निकाल १९९९ मध्ये. चार गटांपैकी एक गट नेहमीच्या डॉक्टरांकडे जाणारा होता, त्यातल्याही दोन तृतीयांश मुलांना औषध चालूच होतं. तरी ती मुलं अभ्यासातल्याच डॉक्टरांकडून गोळी घेणाऱ्या गटाच्या मागे पडली. कारण त्यांचा डोस कमी होता, दिवसातून तीनऐवजी दोनदा होता आणि डॉक्टरांची भेट क्वचित होती. गोळी तीच, देखरेख वेगळी. शिवाय गोळीसोबत वर्तनोपचारही मिळालेल्या गटाचं काम कमी डोसमध्ये भागलं: सरासरी ३१ मिग्रॅ, नुसत्या गोळीवाल्यांना जवळपास ३८. तीन वर्षांनंतर गटांमधला फरक मावळला, हेही याच अभ्यासाचं म्हणणं. तेव्हा तीन महिन्यांची चिठ्ठी लिहून 'चालू ठेवा' म्हणणारा डॉक्टर महाग पडतो, फी कितीही कमी असली तरी.

आता नैसर्गिक म्हणवणारी फळी. यातल्या मासळीच्या तेलाला आम्ही काठावर पास करतो. २०११ च्या एका विश्लेषणात दहा चाचण्या आणि ६९९ मुलं होती, परिणाम ०.३१, आणि ईपीए (मासळीतल्या ओमेगा-३ चा एक प्रकार) जास्त असलेल्या तेलाने जास्त गुण दिला. इथे बाटली उलटी करून वाचायला शिका. पुढे ठळक अक्षरांत '१००० मिग्रॅ' असतं ते तेलाचं वजन. मागे बारीक अक्षरांत साधारण १८० मिग्रॅ ईपीए आणि १२० मिग्रॅ डीएचए (ओमेगा-३ चा दुसरा प्रकार) निघतं. म्हणजे ५०० मिग्रॅ ईपीए गाठायला दिवसाला तीन कॅप्सूल, आणि पोर एक गिळतानाच तोंड वाकडं करतं. जेवणासोबत दिली तर माशाचे ढेकर कमी येतात. तीन महिन्यांच्या आत निकाल विचारू नका. कॉड लिव्हर ऑइल हा वेगळा माल आहे, त्यात अ जीवनसत्त्व असतं, म्हणून ते दुप्पट-तिप्पट देऊ नका. कोकणातल्या घराला हे दुकान लागतच नाही, बांगडा आणि तारली आहेत. शाकाहारी घरात जवसाची चटणी करतात. चटणी म्हणून ती उत्तम, पण जवसातल्या ओमेगाचं शरीरात ईपीए फार थोडं होतं.

ब्राह्मीचा पहिला घोळ नावाचा. या एका नावाने दोन झाडं विकली जातात. ओलसर जागी पसरणारी, बोटाच्या पेराहून लहान, मांसल पानांच्या जोड्या असलेली ती नीरब्राह्मी, बाकोपा. नर्सरीत 'ब्राह्मी' म्हणून मिळणारी, लांब देठावर गोल, मूत्रपिंडाच्या आकाराचं पान असलेली ती मंडूकपर्णी, सेंटेला. चाचण्यांतली बहुतेक कामं बाकोपाच्या प्रमाणित अर्कावर झाली आहेत, त्यातला एक अर्क लखनौच्या सीडीआरआय या सरकारी औषध संशोधन संस्थेचा. तेव्हा सिरपवर झाडाचं शास्त्रीय नाव आणि अर्काचं प्रमाण नसेल तर बाटली परत ठेवा. प्रमाणित अर्कातही मुलांच्या चंचलपणावर ठोस परिणाम सिद्ध झालेला नाही. पोट बिघडणं, पातळ होणं हे मात्र होतं. आणि चमचाभर सिरपात साखर किती, तेही बघा. साखरेने मूल उधळतं ही समजूत १९९४ च्या नीट आखलेल्या चाचणीत टिकली नाही, पण दात किडायचे ते किडतातच.

'मेधावर्धक' मिश्रणांत वेखंड असतं. बाळगुटीमुळे ते ओळखीचं, म्हणून निरुपद्रवी वाटतं. त्यातल्या बीटा-ॲसारोन या द्रव्यामुळे उंदरांत गाठी झाल्या आणि अमेरिकेने १९६८ मध्ये वेखंड खाद्यपदार्थांत वापरायला बंदी घातली. महिनोन् महिने रोज देण्याची ही वस्तू नव्हे.

भस्मांच्या बाबतीत आमचं मत कडक आहे. बोस्टन परिसरातल्या दक्षिण आशियाई दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं, हे २००४ मध्ये छापून आलं. शिसं मुलाचं लक्ष आणि बुद्धी दोन्ही खातं. म्हणजे एकाग्रतेसाठी आणलेली पुडी नेमका तोच रोग वाढवू शकते. सुवर्णप्राशनाच्या शिबिरात थेंब घ्यायचेच असतील तर निर्मात्याचं नाव, बॅच आणि जड धातूंच्या तपासणीचा अहवाल मागा. 'आमच्याकडे घरीच बनवतो' असं उत्तर आलं की उठून या. मध असल्यामुळे वर्षाच्या आतल्या बाळाला ते अजिबात नको.

लोह हा या फळीतला खरा कामाचा माल, पण रक्त तपासल्याशिवाय नाही. हिमोग्लोबिन बरं असूनही फेरिटिन, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याचं माप, तळाला असू शकतं, म्हणून चिठ्ठीवर फेरिटिन वेगळं लिहून घ्या. फेरिटिन ३० च्या खाली असलेल्या मुलांना बारा आठवडे ८० मिग्रॅ लोह दिल्यावर लक्षणं उतरल्याची एक चाचणी आहे. मुलं अवघी २३, तेव्हा उड्या मारू नका. पण आपल्याकडे रक्तक्षय इतका पसरलेला आहे की ही तपासणी टाळण्यात अर्थ नाही. औषध दूध-चहासोबत दिलं तर नीट शोषलं जात नाही, लिंबू सरबतासोबत द्या. सिरप स्ट्रॉने द्या, नाहीतर दात काळे होतात. बाटली कुलपात ठेवा, लहान भावंडाने प्यायली तर जिवावर बेततं.

खाण्यातल्या रंगांनी मूल चंचल होतं, यात थोडं तथ्य आहे. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या २००७ च्या प्रयोगानंतर युरोपात सहा रंगांवर इशारा छापणं २०१० पासून सक्तीचं झालं. त्यातले १०२, ११०, १२२ आणि १२४ हे क्रमांक आपल्या पाकिटांवरही दिसतात. महिनाभर जेली, रंगीत गोळ्या, सरबतं बंद करून तक्त्यात फरक पडतो का बघा. गाडीवरच्या बर्फाच्या गोळ्याला लेबल नसतं, तो यादीत धराच.

थेरपीच्या पॅकेजमधलं सगळ्यात टिकाऊ ते पालक-प्रशिक्षण, आठवड्याला एक अशी आठ ते बारा सत्रं. शिकवतात ते दिसायला किरकोळ: हातभर अंतरावर जाऊन, नाव घेऊन, एका वेळी एकच सूचना, काम झाल्याबरोबर बक्षीस, रविवारी नव्हे, गृहपाठ पंधरा-पंधरा मिनिटांच्या तुकड्यांत. ऑक्युपेशनल थेरपी अक्षर आणि बटणं लावणं सुधारायला बरी, लक्ष वाढेल या भरवशावर ४० सत्रांचे पैसे आगाऊ भरू नका. न्यूरोफीडबॅक, म्हणजे मेंदूच्या लहरी यंत्रावर दाखवून त्या बदलायला शिकवणं. त्याच्या १४४ मुलांवरच्या २०२१ च्या चाचणीत खऱ्या आणि खोट्या यंत्राने सारखाच फरक पडला. डोळ्यांवर पट्टी बांधून वाचन शिकवणारे क्लास म्हणजे नाकाजवळच्या फटीतून बघण्याची कला. पैसे कमी असतील तर जिल्हा रुग्णालयातलं डीईआयसी, म्हणजे मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर तपासणारं सरकारी केंद्र, आधी गाठा, तिथे तपासणी मोफत होते.

वर्षातून एकदा, डॉक्टरांना विचारून, गोळी आठवडाभर थांबवून बघतात. ते दिवाळीच्या सुट्टीत करू नका. तेव्हा वर्गच नसतो, तर फरक दिसणार कुठे? जूनमध्येही नको, नव्या बाई मुलाला ओळखत नाहीत. ऑगस्टमधला परीक्षा नसलेला आठवडा निवडा, आणि तक्ता पुन्हा बाईंच्याच हातात द्या, न सांगता. एडीएचडीसाठीच कधीकधी देतात ते क्लोनिडिन हे औषध चालू असेल तर ते असं एकदम बंद करायचं नसतं, रक्तदाब उसळतो.