'रेन वर्ल्ड' : काही महिने खेळल्यानंतरचा अनुभव

जग बुडाल्यानंतरच्या कथांवरच्या गेम मी आवडीने खेळतो. त्यातल्या बहुतेकांत उरलेलं जग खेळणाऱ्यासाठीच मांडून ठेवलेलं असतं. वस्तू उचला, समोर येईल त्याला मारा, पुढे जा. 'रेन वर्ल्ड' (2017, व्हिडिओकल्ट) लॅपटॉपवर घेतली आणि गेले काही महिने दुसरं फारसं काही खेळलो नाही, त्याचं मुख्य कारण त्यातले स्कॅव्हेंजर नावाचे टोळीने फिरणारे जीव.

आधी थोडं जगाबद्दल. हे सगळं बांधणारे प्राचीन लोक केव्हाच निघून गेले आहेत. जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटायचा मार्ग त्यांना जमिनीच्या पोटात सापडला होता. तो सगळ्याच जीवांना कसा खुला करायचा, हे कोडं सोडवण्यासाठी त्यांनी डोंगराएवढी विचार करणारी यंत्रं उभारली. त्यांना इटरेटर म्हणतात. ही यंत्रं अफाट पाणी ओढतात, वाफ सोडतात, आणि त्या वाफेचा पाऊस असा कोसळतो की उघड्यावर सापडलेलं काहीच वाचत नाही. आपण असतो स्लगकॅट, एक छोटा, पांढरा, लवचिक प्राणी. पावसाआधी पोट भरायचं आणि निवाऱ्यात शिरून झोपायचं. नीट झोपलात की कर्माची पायरी वर जाते, मेलात की खाली येते. एका भागातून दुसऱ्यात नेणारी दारं ती पायरी बघूनच उघडतात.

आता स्कॅव्हेंजर. दोन पायांवर चालणारे, भाले बाळगणारे, टोळीने फिरणारे. भंगारातून कामाच्या वस्तू गोळा करतात आणि मोत्यांसाठी जीव टाकतात. काही ठिकाणी त्यांनी चक्क नाके बसवलेत. मोती द्या आणि पुढे जा, नाहीतर भाले तयारच असतात. पहिल्यांदा मोती समोर टाकला तेव्हा काय होतं ते मी निवाऱ्याकडे पळायचं सोडून बघत बसलो. एकाने तो उचलला, बाकीच्यांच्या माना माझ्याकडे वळल्या, आणि रोखलेले भाले हळूहळू खाली आले. स्क्रीनवर एक अक्षर उमटलं नाही. तुमच्याबद्दलचं मत ते मनात धरून ठेवतात. त्यांच्यातल्या कुणाला मारलंत किंवा त्यांचा माल पळवलात तर पुढे भेटणारेही वैर धरतात. मोती देत राहिलात, पालीसारख्या शिकारी लिझर्डच्या तावडीतून एखाद्याला सोडवलंत, तर हेच लोक तुमच्या मागे येतात आणि तुमच्या बाजूने लढतात. प्रत्येकाचा स्वभाव वेगळा ठरवलेला आहे. एखादा भित्रा, एखादा आक्रमक. महिन्याभरात मला नुसत्या हालचालींवरून कळू लागलं की हा चाल करून येणार की नुसता धाक दाखवतोय.

शिवाय ते तुमच्यासाठी थांबलेले नसतात. तुम्ही दुसऱ्या खोलीत असताना त्यांचं फिरणं, शिकाऱ्यांशी भांडणं चालूच असतं. एखाद्या ठिकाणी पोचावं तर लढाई आधीच संपलेली असते, भिंतीत भाले रुतलेले असतात, आणि त्यातला एक उपटून आपण पुढे निघतो. मला या गेमची सगळ्यात मोठी कमाई हीच वाटते.

इटरेटरबद्दल जास्त सांगत नाही, रसभंग होईल. शोरलाईन भागात 'लुक्स टू द मून' नावाची जवळजवळ कोसळलेली इटरेटर आहे, एवढंच सांगतो. पुढे तिच्याशी बोलणं शक्य झालं की रंगीत मोती तिच्याकडे नक्की न्या. त्यात जुनी माहिती साठवलेली असते आणि ती वाचून दाखवते. एकात मुखवट्यांच्या कारखान्याची नोंद, दुसऱ्यात जिवाला बांधून ठेवणाऱ्या पाच ओढींचं विवेचन. षड्रिपू लहानपणापासून ऐकत आलेल्या माणसाला ते वाचताना थबकायला होतं. आणि हेच मोती स्कॅव्हेंजर निव्वळ चकाकतात म्हणून जपतात, हे लक्षात आल्यावर मला फार वाईट वाटलं.

त्रासही आहेत. गेम काहीच शिकवत नाही. खांबावरून उडी मारताना पकड सुटते आणि बराच वेळ घालवून केलेली वाटचाल वाया जाते. नकाशा अपुरा आहे. अंधाऱ्या भागांत दिसत नाही आणि तिथला वैताग मला अनावश्यक वाटला. कीबोर्डवर सुरुवात केली होती, पण कंट्रोलर घेतल्यावरच हात बसला. 2023 च्या मोफत 'रिमिक्स' अपडेटमध्ये अडचण कमी-जास्त करायच्या सेटिंग आल्या आहेत, त्या बिनधास्त वापरा.

नव्याने घेणाऱ्यांनी आधी मूळ गेमच घ्यावी. खूप मरायला होत असेल तर 'मंक' हे सोपं पात्र निवडा, त्याला कमी खाणं पुरतं आणि एकदा ओलांडलेलं दार उघडंच राहतं. 'डाऊनपोर' हा विकतचा भाग पहिली कथा पूर्ण झाल्यावर घ्या, त्यातली नवी पात्रं आधीची गोष्ट माहीत असेल तरच कळतात. आणि पहिला मोती सापडला की तो तोंडात धरून गिळा, पोटात सांभाळून राहतो. नाक्यावर तोच उपयोगी पडेल.