ग्रेडर वाढवायचा की हळदीत पडायचं?

आपल्याकडच्या शेतकरी उत्पादक कंपन्यांत हा वाद हमखास निघतो. ग्रेडर यंत्रावरच्या सोयाबीन-तुरीच्या सफाई-प्रतवारीत बस्तान बसलंय, तेच वाढवावं की हळद पावडरसारखं नवं काम घ्यावं? दोन्हीकडची संचालक मंडळं मी जवळून पाहिली आहेत.

जुन्या कामाची ताकद कागदावर दिसत नाही. आमच्या ग्रेडरवरचा गडी सोयाबीनचा दाणा दाताखाली फोडून ओलावा सांगतो आणि यंत्राचा आकडा जवळपास तोच येतो. हमीभावाच्या खरेदीला 12 टक्क्यांची अट असते, तिथे ही जाण म्हणजे पैसा. आणखी एक चाळणी घेतली तर किती कट्टे जास्त निघतील, याचा हिशेबही आजच मांडता येतो. धोका एकच: सोयाबीनवर पिवळा मोझॅक रोग आला किंवा काढणीत पाऊस लागला की सगळा धंदा एकदम बसतो.

हळदीचं गणित वेगळं. वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यातल्या वायगाव हळदीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण ते नाव त्या पट्ट्यातल्या हळदीलाच लावता येतं. बाकीच्यांना आपलं गिऱ्हाईक शून्यातून जोडावं लागतं. शिजवणं, वाळवणं, पॉलिश, दळण, अन्न परवाना हे सगळं शिकता येतं. पुडी विकणं मात्र पोतं विकण्याहून फार निराळं.

संस्था कशा शिकतात याचे अभ्यासक जेम्स मार्च यांनी 1991 मध्ये हेच मांडलं होतं: जुन्या कामाचं फळ जवळचं आणि खात्रीचं, नव्याचं लांबचं आणि बेभरवशाचं, म्हणून संस्था आपसूक जुन्याकडे कलते. बैठकीत हळदीचा विषय शेवटी येतो, चहा येतो, ‘आपल्याले जे जमते तेच करू ना भाऊ’ म्हणत विषय पुढच्या महिन्यावर जातो. याच्या उलटही पाहिलंय. एका कंपनीनं आधी मसाला, मग तेलघाणी, मग आणखी काही धरलं आणि एकही काम दोन हंगाम टिकवलं नाही. यंत्रं ताडपत्रीखाली पडून आहेत.

दोन्ही कामं एकाच व्यवस्थापकावर टाकू नका. हळद शिजते ती नेमकी तूर-हरभऱ्याच्या घाईत, आणि त्या घाईत नवं कामच मागं पडतं. सभासदांचा निम्म्याहून जास्त माल अजून अडत्याकडे जात असेल, तर माझं स्पष्ट मत, आधी ग्रेडरच वाढवा. ग्रेडर भरून चालत असेल आणि सभासद हळद लावत असतील, तर हळद शिजवायचा बॉयलर न घेता मे महिन्यात त्यांची वाळलेली हळद घ्या, बाहेरून दळून आणा, आणि एका वेगळ्या माणसाकडे सोपवा. त्याची वहीही वेगळी ठेवा. पहिल्या वर्षी त्या वहीत नफा शोधू नका. दुसऱ्यांदा पुडी न्यायला किती घरं आली, तेवढं लिहा.