रक्ताची स्लाइड स्कॅन करणारं मशीन: नऊ महिने रोज वापरल्यावरचा अनुभव

यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावात माझी पॅथॉलॉजी लॅब आहे. गेले नऊ महिने आम्ही स्मिअरची (काचेवर पसरून रंगवलेल्या रक्ताच्या थेंबाची) स्लाइड स्कॅन करून पेशींचे फोटो वेगवेगळे लावून दाखवणारं मशीन वापरतोय. घ्यावं की नको असं बऱ्याच लॅबवाल्यांनी विचारलं, फोनवर किती सांगणार, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, कारण तक्रारी पण लिहायच्या आहेत आणि त्यातल्या बऱ्याच गोष्टी या प्रकारच्या कुठल्याही मशीनला लागू पडतील.

आधी जे लॅबमधले नाहीत त्यांच्यासाठी थोडं. तुमचा सीबीसी होतो तो काउंटरवर. त्यात रक्त पातळ करून एका बारीक छिद्रातून ओढतात, पेशी गेली की विजेच्या प्रवाहात अडथळा येतो, तो मोजायचा, अडथळा जेवढा मोठा तेवढी पेशी मोठी. आमच्याकडचा काउंटर थ्री पार्ट आहे, म्हणजे पांढऱ्या पेशींचे आकारावरून तीनच गट करतो. ब्लड कॅन्सरमधली कच्ची पेशी म्हणजे ब्लास्ट, ती बऱ्याचदा तो सरळ लिम्फोसाइटमध्ये किंवा मधल्या गटात ढकलून देतो. फार तर एक फ्लॅग टाकतो. ती पेशी खरंच कशी आहे, केंद्रक केवढं, त्यातलं क्रोमॅटिन बारीक रवाळ आहे की गुठळ्या गुठळ्या, न्यूक्लिओलस दिसतो का, सायटोप्लाझममध्ये दाणे आहेत का, हे सगळं काचेवर थेंब ओढून, रंगवून, शंभरच्या लेन्सखाली तेल टाकूनच बघायला लागतं. त्या बघण्यालाच मॉर्फोलॉजी म्हणतात. आता फ्लो सायटोमेट्री (पेशींवरच्या खुणा लेसरने ओळखणारी टेस्ट) आहे, जनुकांच्या टेस्ट आहेत, पण त्या करायला पाठवायचं हे कोणाला तरी आधी सुचावं लागतं ना, आणि ते सुचतं बहुतेक वेळा या काचेवरूनच.

मशीन काय करतं तर रंगवलेली स्लाइड ठेवली की आधी छोट्या लेन्सवर फिरून लाल पेशी एकीला एक लागून पण एकीवर एक न चढलेल्या अशी जागा शोधतं, मग मोठ्या लेन्सवर तिथल्या शंभर किंवा दोनशे पांढऱ्या पेशींचे फोटो घेतं आणि स्क्रीनवर ओळी लावून देतं. न्यूट्रोफिल एका ओळीत, लिम्फोसाइट दुसऱ्या, मोनोसाइट, इओसिनोफिल, बेसोफिल, कच्च्या पेशी, ब्लास्टचा संशय, आणि शेवटी ओळखता न आलेल्या. लाल पेशींचे आकार वेगळे, प्लेटलेटचा अंदाज वेगळा. चुकीच्या ओळीतली पेशी उचलून योग्य ओळीत टाकायची आणि सही आपली.

पहिला महिना वाईट गेला, अगदी परत पाठवावं असं वाटण्याइतका. इओसिनोफिल ओळखायलाच तयार नाही, साध्या न्यूट्रोफिलचे दाणे त्याला टॉक्सिक, म्हणजे मोठ्या इन्फेक्शनमधले, वाटायचे. कंपनीचा माणूस दोनदा येऊन गेला, सॉफ्टवेअर अपडेट केलं, फरक शून्य. शेवटी दोष सापडला आमच्या पाण्यात. आम्ही लिशमन स्टेन वापरतो, १९०१ सालापासूनची पद्धत आहे ती, आणि स्टेनवर टाकायचं पाणी बोअरचं होतं. आमच्या भागात बोअरचं पाणी जड, अल्कलाइन, त्यामुळे लाल पेशी निळसर राखाडी यायच्या आणि इओसिनोफिलचे नारिंगी दाणे मळकट. आमच्या डोळ्याला वर्षानुवर्षं त्या रंगाची सवय झालेली, आम्ही मनातल्या मनात दुरुस्त करून वाचायचो. मशीनला ती सवय नव्हती. ६.८ पीएचच्या बफर टॅब्लेट आणल्या, डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवून वापरायला लागलो आणि दोन दिवसात स्लाइड अशा आल्या की आमचे काका, म्हणजे सिनिअर टेक्निशियन, सव्वीस वर्षांपासून स्लाइड ओढतात, ते म्हणाले, "मॅडम, इतक्या वर्षांत पहिल्यांदा शिकलो तसा रंग दिसून राहिला." म्हणून कोणी मशीन घेत असेल तर माझं पहिलं सांगणं हेच, आधी पाणी तपासा.

पावसाळ्यात दुसरी भानगड. हवेत ओल, स्मिअर वाळायला वेळ लागतो, मेथॅनॉलमध्ये पण पाणी शिरतं, मग लाल पेशींच्या मधोमध चकाकणारी भोकं पडतात. मशीनने त्या टार्गेट सेल (मधोमध ठिपका असलेल्या, थॅलेसेमियात दिसणाऱ्या लाल पेशी) म्हणून मोजल्या, एका दिवसात तीन पेशंटना थॅलेसेमिया तपासा अशी सूचना तयार. लाल पेशीवर बसलेली प्लेटलेट मलेरियाचा जंतू वाटणं हे तर नेहमीचंच, नवीन मुलांनाही वाटतं. आता स्लाइड ओढली की लगेच टेबल फॅनसमोर धरतो, मेथॅनॉल छोट्या बाटलीत काढून घेतो आणि झाकण उघडं ठेवायचं नाही हा नियम. पण रिपोर्ट जाण्याआधी माणसाने बघितलं नसतं तर त्या तिघांच्या घरी किती दिवस घोर लागला असता याचा विचार करा.

आता जे आवडलं ते. सारख्या पेशी एका ओळीत शेजारी शेजारी दिसणं हे फार मोठं काम आहे, मायक्रोस्कोपवर एक पेशी बघायची, पुढे जायचं, आधीची लक्षात ठेवायची, यात जे निसटतं ते स्क्रीनवर निसटत नाही. बी १२ च्या कमतरतेत न्यूट्रोफिलच्या केंद्रकाला पाच सहा पाकळ्या होतात, शंभरात पाचापेक्षा जास्त पेशींना पाच पाकळ्या किंवा एकीला जरी सहा दिसल्या तरी मनात शंका घ्यायची, हे ओळीत बघितलं की दहा सेकंदात कळतं. आमच्याकडे शाकाहारी लोक भरपूर, हिमोग्लोबिन कमी म्हणून महिनोन् महिने नुसत्या लोहाच्या गोळ्या खातात, त्यातले कितीतरी असे सापडले.

एका चाळिशीतल्या शिक्षकांचा पांढऱ्या पेशींचा काउंट ८८,००० आला होता, इन्फेक्शन असेल म्हणून पाठवलेले. स्क्रीनवर पिकलेल्या न्यूट्रोफिलपासून त्याच्या कच्च्या मायलोसाइटपर्यंत सगळ्या पायऱ्या हजर आणि बेसोफिलची ओळ, जी एरवी रिकामी किंवा एखाददुसरी, त्यात तब्बल नऊ. इन्फेक्शनमध्ये कच्च्या पेशी वाढतात पण बेसोफिल असे वाढत नाहीत. सीएमएलचा (हळू वाढणाऱ्या एका ब्लड कॅन्सरचा) संशय लिहून पाठवलं, नागपूरला जनुकाच्या टेस्टमध्ये फिलाडेल्फिया क्रोमोझोमवाला बीसीआर एबीएल हा बिघडलेला जनुक निघाला. १९६० मध्ये सापडलेल्या त्या एका तुटक्या क्रोमोझोमवर २००१ पासून रोज घ्यायची गोळी आहे, सर आज शाळेत शिकवतायत. मायक्रोस्कोपवर मी हे ओळखलं नसतं असं नाही, पण दिवसाची सत्तरावी स्लाइड असती तर नऊ बेसोफिल डोळ्यात इतके भरले असते का, मला खात्री नाही.

सिकलसेलचं वेगळं लिहायला हवं कारण आपल्या विदर्भात हा घराघरातला प्रश्न आहे. १९१० मध्ये शिकागोला जेम्स हेरिक यांनी ग्रेनाडाहून आलेल्या एका विद्यार्थ्याच्या रक्तात विळ्यासारख्या पेशी बघून पहिल्यांदा लिहिलं, तेच विळे आम्ही इथे आठवड्याला बघतो. मशीन विळे चांगले पकडतं. पण स्मिअर ओढताना पेशी ताणल्या गेल्या तर त्याही लांबट, टोकदार होतात, फरक एवढाच की त्या सगळ्या एकाच दिशेला तोंड करून असतात, वाऱ्यात वाकलेल्या गव्हासारख्या. खरे विळे कुठेही, कसेही पडलेले. मशीन एकेक पेशी कापून दाखवतं त्यामुळे ही दिशा ओळीत कळतच नाही, पूर्ण फील्डचा फोटो उघडून बघावा लागतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ज्याला फक्त वाहक म्हणतो त्याच्या स्मिअरमध्ये विळे सहसा दिसतच नाहीत. स्लाइड नॉर्मल आली म्हणून लग्न ठरवायला मोकळे झालो असं कोणी समजू नये, त्यासाठी सोल्युबिलिटी टेस्ट आणि मग एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी टेस्ट) करायचीच. २०२३ पासून सरकारी मिशन सुरू आहे, तिथेही तपासणी होते, करून घ्या.

आता ज्या एका रात्रीमुळे खरं तर हा अनुभव लिहायला बसले ते. नोव्हेंबरमध्ये संध्याकाळी सातच्या सुमाराला एकोणीस वर्षांच्या मुलीचं सँपल आलं. हिरड्यांतून रक्त, मांडीवर काळेनिळे डाग, गावातल्या डॉक्टरांनी डेंग्यू समजून पाठवलेलं. प्लेटलेट १६,०००, पांढऱ्या पेशी फक्त १,९००. काउंटरने काही विशेष सांगितलं नाही. मशीनला शंभर पेशीच मिळेनात, अठ्ठावन्नवर थांबलं, चार पेशी कच्च्या ग्रॅन्युलोसाइटच्या (दाणेदार पांढऱ्या पेशींच्या) ओळीत आणि तीन ओळखता न आलेल्यांत. ब्लास्टच्या ओळीत काहीच नाही. मी घरी निघायच्या तयारीत होते. काकांची जुनी सवय, मशीनमधून स्लाइड निघाली की ते दहाच्या लेन्सवर तिची शेपटी एकदा बघतातच, म्हणजे स्मिअर जिथे पातळ होत संपतो तो शेवट. प्लेटलेटच्या गुठळ्या तिथे अडकतात म्हणून. त्यांनी हाक मारली, "मॅडम, या पेशी काई साध्या नाई दिसून राहिल्या, जरा पाहा बरं."

तेल टाकून बघितलं. शेपटीला आणि कडेला मोठ्या पेशी, केंद्रक मध्ये चिमटा काढल्यासारखं दुभंगलेलं, सायटोप्लाझम जांभळट लाल दाण्यांनी इतका गच्च भरलेला की केंद्रकाची कड दिसेना, आणि एका पेशीत ऑअर रॉड, म्हणजे लालसर काड्या. एक दोन नाही, लाकडाची मोळी बांधावी तशा आडव्या तिडव्या. ही मोळी दिसली की एपीएल, ल्युकेमियाचा तो प्रकार ज्यात शरीरातली रक्त गोठण्याची व्यवस्थाच कोलमडते आणि पेशंट कॅन्सरच्या आधी मेंदूतल्या रक्तस्रावाने जाऊ शकतो. यात जनुकाच्या रिपोर्टची वाट बघायची नसते, संशय आला की व्हिटॅमिन ए पासून बनलेलं औषध, एटीआरए, सुरू करायचं असतं, वेळेत सुरू झालं आणि पुढे आर्सेनिक ट्रायऑक्साइड मिळालं तर बहुतेक पेशंट पूर्ण बरे होतात. मी फिजिशियन सरांना फोन लावला, "सर, डेंग्यू नाहीये, आजच नागपूर." इथे मात्र मशीन कामाला आलं, शेपटीवर हाताने नेऊन फोटो काढता येतात, ते पंधरा मिनिटांत नागपूरच्या हिमॅटॉलॉजिस्टच्या स्क्रीनवर होते. ॲम्ब्युलन्स अजून आमच्या गावात होती तेव्हा तिकडे गोळ्या काढून ठेवलेल्या. मुलगी आता ट्रीटमेंटच्या पुढच्या टप्प्यात आहे, आई दर वेळी येताना काहीतरी घेऊन येते, मागच्या वेळी वायगावची हळद होती.

तर मशीनने का नाही दाखवलं? मोठ्या पेशी स्मिअर ओढताना कडेला आणि शेपटीकडे ढकलल्या जातात, आणि मशीन नेमकी मधली, छान पसरलेली जागा निवडतं. ज्या पेशी शोधायच्या त्याच त्या जागेत कमी. हे कंपनीच्या माणसाने विकताना सांगितलं नव्हतं, विचारल्यावर सुद्धा उत्तर गोलमोल आलं, याचा मला राग आहे आणि तो मी त्यांना लेखी कळवलाय.

शंभर पेशींच्या आकड्याबद्दलही डॉक्टर मंडळींना सांगावंसं वाटतं. शंभर मोजल्या आणि पाच ब्लास्ट आल्या तर हिशोबाने खरा आकडा साधारण २ ते ११ टक्क्यांत कुठेही असू शकतो. वीस आल्या तर १३ ते २९. आणि एएमएल (झपाट्याने वाढणारा एक ब्लड कॅन्सर) म्हणायची ब्लास्टची रेषा, आधी ३० टक्के होती, डब्ल्यूएचओने २००१ मध्ये २० केली, ती रेषाच या पट्ट्याच्या मधोमध. म्हणून संशय असेल तिथे आम्ही दोनशे, शक्य असेल तर पाचशे मोजतो, आणि रिपोर्टमध्ये किती पेशी मोजल्या ते लिहितो. म्हाताऱ्या माणसात लिम्फोसाइट खूप वाढलेत आणि फुटलेल्या स्मज पेशींचा सडा पडलाय असं दिसलं तर त्या मशीन मोजणीतून वगळतं, सेटिंग बदलून घ्या, सीएलएल या लिम्फोसाइटच्या ब्लड कॅन्सरमध्ये त्या स्मज पेशी म्हणजेच फुटलेले लिम्फोसाइट असतात, टाकून द्यायच्या नसतात.

डेंग्यूच्या सीझनचं पण एक सांगते, घाबरलेल्या नातेवाइकांसाठी. एका काकूंच्या प्लेटलेट ४२,००० आल्या, घरचे बॅग भरून तयार. शेपटीवर प्लेटलेटचे झुपके दिसले, जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमधल्या ईडीटीएने काहींच्या प्लेटलेट एकमेकींना चिकटतात. निळ्या झाकणाच्या सायट्रेट ट्यूबमध्ये परत घेतलं, सायट्रेटने रक्त थोडं पातळ होतं म्हणून १.१ ने गुणलं, १,९६,०००. घरी गेल्या.

बाकी तक्रारी पटापट. फोटो क्लाउडवर जातात त्यामुळे नेट गेलं की काम अडतं, आमच्याकडे दुपारी हमखास जातं. दुसरं कनेक्शन घ्यावं लागलं. लाइट गेली की चालू स्लाइड पहिल्यापासून, म्हणून इन्व्हर्टर वेगळा. लेन्सवरचं तेल रोज पुसलं नाही तर तिसऱ्या दिवशी सगळे फोटो धुरकट, आणि ते मशीन सांगत नाही. सर्व्हिसचा माणूस यायला एकदा अकरा दिवस लागले. एका स्लाइडला मशीन सहा सात मिनिटं घेतं, काका तीन मिनिटांत बघतात, म्हणजे वेळ वाचेल या आशेने घेऊ नका.

दिवसाला चाळीसपेक्षा कमी स्लाइड असतील तर मी म्हणेन आधी चांगला ट्रायनॉक्युलर मायक्रोस्कोप, त्यावर कॅमेरा आणि बफर घ्या, तेवढ्यात फोटो पाठवायचं काम होतं. ज्यांच्याकडे काम जास्त आहे, शिकणारी मुलं आहेत, आणि मोठं हॉस्पिटल दोन तीन तास लांब आहे त्यांनी जरूर घ्या. आमच्या दोन नव्या मुली या ओळी बघून बघून चार महिन्यांत जे शिकल्या ते शिकायला मला रेसिडेन्सीत वर्ष गेलं.

एएमसी, म्हणजे देखभालीचा वार्षिक करार, तीन महिन्यांनी संपतेय. शेपटी आणि दोन्ही कडा छोट्या लेन्सवर आपोआप स्कॅन व्हायची सोय द्या, तरच रिन्यू करते असं कंपनीला सांगितलंय. तोपर्यंत प्रत्येक स्लाइड मशीनमधून निघाली की काकांच्या टेबलावर जाते, आणि आता दोन्ही मुलीही आपापल्या स्लाइडची शेपटी बघितल्याशिवाय सहीला पाठवत नाहीत.