नाताळच्या गडबडीत लिक मॅट कितपत कामाला येते?

पाहुण्यांची वर्दळ आणि सतत वाजणारी बेल यांनी बावरलेल्या कुत्र्यासाठी सिलिकॉनची लिक मॅट, म्हणजे खाऊ लावून चाटायला द्यायची खाचांची छोटी चटई, घ्यावीच. चाटता चाटता त्याचा जीव रमतो. साधं दही किंवा उकडलेला भोपळा खाचांत दाबून भरा आणि रात्रभर गोठवा, नाहीतर दोन मिनिटांत चट्टामट्टा! पीनट बटर लावणार असाल तर डबा वाचाच. त्यात झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) असेल तर कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतं.

खोट एकच, पण मोठी. खडबडीत फरशीवर मॅटचे सक्शन कप, म्हणजे तिला फरशीला चिकटवून ठेवणाऱ्या खालच्या वाट्या, सुटतात. मग कुत्रं मॅटच चावू लागतं आणि गिळलेला तुकडा आतड्यात अडकू शकतो. चाटून झालं की लगेच उचला.

फटाक्यांनी थरथरणारं कुत्रं मात्र तिला तोंडही लावत नाही. त्याच्यासाठी पशुवैद्यांशी आधीच बोला.