संक्रांतीपासून दिवाळीपर्यंत: इंदूरच्या गच्चीवरील सोलर कुकरचा अनुभव

आमच्या पाच माणसांच्या घरात गेल्या संक्रांतीच्या सुमारास पेटीचा सोलर कुकर आला आणि दिवाळीपर्यंत, ढगाळ दिवस सोडले तर, तो जवळजवळ रोज वापरला गेला. तो घेण्यामागे पैशांची बचत हा मुख्य हेतू नव्हता. घरामुळे हवेत जाणारा कार्बन डायऑक्साइड रोजच्या सवयींतून कमी करता येतो का, हे पाहायचे होते. म्हणून पदार्थ कसे होतात हे सांगतानाच या पेटीने नेमके किती उत्सर्जन वाचते, याचा हिशोबही येथे मांडला आहे. तो विक्रेते सांगतात तितका घवघवीत नाही.

पेटीची रचना अगदी साधी आहे. बाहेर फायबरची पेटी, आत काळा रंग दिलेला अ‍ॅल्युमिनियमचा ट्रे, दोहोंमध्ये काचलोकरीचा थर, वर दुहेरी काच आणि झाकणाच्या आतल्या बाजूला आरसा. ऊन काचेतून आत येते, काळा पृष्ठभाग ते शोषून तापतो आणि त्या तापलेल्या पृष्ठभागाची उष्णता काच सहजासहजी बाहेर जाऊ देत नाही. आतील तापमान शंभर अंशांच्या वर, चांगल्या उन्हात आणखी वीस-तीस अंश चढते. शिजवण्यास एवढी उष्णता पुरेशी असते, तळण्यास किंवा पोळी भाजण्यास नाही. हे एकदा लक्षात घेतले की पुढील अपेक्षाभंग टळतात.

वरण-भात या पेटीत उत्तम होतो. भिजवलेली तुरीची डाळ सुमारे दोन तासांत लोण्यासारखी शिजते, भाताला तासभर पुरतो आणि छोल्यांना सकाळी दहापासून दुपारी एकपर्यंतचा वेळ द्यावा लागतो. पाणी आटत नसल्यामुळे ते नेहमीपेक्षा कमी घालावे लागते. सुरुवातीचा भात सगळ्यांच्याच घरी गिजगोळा होतो, असे ओळखीच्या दोन-तीन घरांतून कळले. रताळी, बटाटे, लापशी, भाजलेले शेंगदाणे आणि रवा यांविषयी काहीच तक्रार नाही. मे महिन्यात कैरीचा साखरांबा पेटीत केला, तो गॅसवरच्यापेक्षा सरस झाला, कारण पाक सावकाश मुरला आणि बुडाला लागण्याची भीती नव्हती. दाल-बाफले, म्हणजे डाळीबरोबर खायचे कणकेचे उकडून भाजलेले गोळे, मात्र जमले नाहीत. उकडलेल्या बाफल्यांना पेटीत तांबूस रंग चढत नाही, ते नुसते वाळतात आणि माळव्यात राहून तसले बाफले कोणापुढे वाढण्याची सोय नाही.

खरा बदल स्वयंपाकात नव्हे, दिवसाच्या आखणीत करावा लागला. डाळ सकाळी उठल्याबरोबर भिजवायची, दहा-साडेदहाच्या आत डबे पेटीत ठेवायचे आणि दोन वेळा पेटीची दिशा उन्हाप्रमाणे वळवायची. दुपारी घरी माणूस असेल तरच हे निभते. आमच्याकडे आई घरी असते आणि हे सगळे तीच पाहते. तिचे मत असे की यात कष्ट कमी आहेत, पण विसरून चालत नाही. शिजलेले अन्न संध्याकाळपर्यंत पेटीतच ठेवण्याचा मोह टाळावा, कारण ऊन उतरल्यावर पेटी कोमट होते आणि कोमट भातात जंतू वाढण्यास वेळ लागत नाही.

इंदूर कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेस आहे आणि या गोष्टीचा आरशाच्या वापराशी थेट संबंध येतो. जूनमध्ये मध्यान्हीचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, तेव्हा आरसा मागे कलता उघडावा लागतो. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला क्षितिजापासून ४४ अंशांवरच राहतो आणि आरसा जवळजवळ उभा ठेवावा लागतो. सोबत आलेल्या माहितीपत्रकात यातील काहीच नव्हते. थंडीत ऊन स्वच्छ असले तरी कामाचे तास कमी मिळतात. मार्च ते मेच्या मध्यापर्यंतचा काळ सर्वांत चांगला. जूनच्या अखेरीस पाऊस सुरू झाला की सप्टेंबरपर्यंत पेटी बहुधा झाकूनच राहते आणि वर्षाचे गणित मांडताना हे महिने विसरून चालत नाही.

उणिवा तीन आढळल्या. काचेच्या कडेची रबरी पट्टी चार-पाच महिन्यांत सैल झाली, त्यातून वाफ निसटू लागली आणि विक्रेत्याकडून नवीन पट्टी मिळण्यास बराच काळ गेला. मेमधील वावटळीत झाकण जोरात आपटते, त्याला थोपवणारा आकडा पुरेसा भक्कम नाही. शिवाय डब्यांचा काळा रंग घासणीने निघतो, म्हणून ते हलक्या हाताने धुवावे लागतात. आरशावरची धूळ ही उणीव म्हणता येणार नाही, पण आजूबाजूला बांधकाम चालू असल्यास तो रोज पुसावा लागतो.

आता उत्सर्जनाचा हिशोब. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो आणि एक किलो गॅस जळताना सुमारे तीन किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो, म्हणजे एका सिलिंडरमागे ४२ किलोंच्या आसपास. आमचा सिलिंडर पूर्वी जेमतेम महिनाभर पुरत असे. उन्हाळ्यात तो दीड महिन्यापर्यंत गेला, पावसाळ्यात पुन्हा जुन्याच वेगाने संपू लागला. वर्षाला अडीच सिलिंडर वाचतील असे धरले, तर उत्सर्जन शंभर किलोंहून थोडे अधिक घटेल. विक्रेत्याने तीन-चार सिलिंडरांची हमी दिली होती, ती पाऊस न पडणाऱ्या गावासाठी असावी. यातही सगळे श्रेय पेटीचे नाही: डाळी भिजवण्याची, भांड्यावर झाकण ठेवण्याची आणि पहिल्या शिट्टीनंतर आच मंद करण्याची सवय लागल्यामुळे गॅसवरच्या स्वयंपाकातही बचत झाली.

हे शंभर किलो म्हणजे किती, हे इतर गोष्टींशी ताडून पाहिल्यावर कळते. एक लिटर पेट्रोल जाळले की २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, तेव्हा वर्षभराची ही बचत सुमारे ४५ लिटर पेट्रोलइतकी झाली. आपल्याकडील वीज अजून मुख्यतः कोळशावर होते आणि एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो उत्सर्जन धरावे लागते. जुना पंखा साधारण ७५ वॉट घेतो, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा बीएलडीसी पंखा ३० वॉटच्या आत चालतो. दिवसाला बारा तास आणि वर्षात आठ महिने वापर धरला, तर एकाच पंख्यामागे सुमारे १३० युनिटे, म्हणजे ९० किलो वाचतात. एक पंखा बदलणे आणि वर्षभर सोलर कुकर सांभाळणे यांत उत्सर्जनाच्या दृष्टीने फारसा फरक उरत नाही, हे मान्य करावे लागते. पैसे मोजकेच असतील तर आधी पंखे बदलावेत, असेच मी सांगेन.

ओल्या कचऱ्याचे खत घरी करण्याचा आग्रहही आम्ही सोडला आहे. इंदूरचा ओला कचरा देवगुराडियाच्या बायो-सीएनजी प्रकल्पात जातो, तेथे त्यातील मिथेन इंधन म्हणून वापरला जातो; कुंड्यांसाठी खत हवे असेल तर गोष्ट निराळी.

गॅस सोडून इंडक्शन घ्यावे, असे पुष्कळ जण सुचवतात. उत्सर्जन हा निकष असेल तर सध्या हा सल्ला उलटा पडतो. एका सिलिंडरइतका स्वयंपाक इंडक्शनवर करण्यास १३० युनिटांच्या आसपास वीज लागते आणि ती ग्रिडमधून, म्हणजे सार्वजनिक वीजजाळ्यातून, घेतली तर ९० किलोंहून अधिक कार्बन डायऑक्साइड होतो, गॅसच्या दुपटीहून जास्त. इंडक्शनची शेगडी स्वयंपाकघरात धूर सोडत नाही, तो वीजकेंद्राच्या धुराड्यातून निघतो, एवढेच.

पेटी घेण्यापूर्वी ती प्रत्यक्ष चालताना पाहावी. इंदूरजवळ सनावदियाला पद्मश्री जनक पलटा मॅकगिलिगन यांचे केंद्र आहे, तेथे सौर स्वयंपाकाचे प्रशिक्षण दिले जाते. ज्यांच्याकडे सकाळी दहा ते दोन सावली न येणारी गच्ची आहे आणि दुपारी घरी कोणी असते, त्यांनी जरूर घ्यावी; दोघेही नोकरीला जाणाऱ्या फ्लॅटमधील जोडप्याने घेऊ नये.

आता छतावर तीन किलोवॉटचे पॅनेल बसवण्याचा आमचा विचार आहे. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत त्यासाठी ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळते. ते बसल्यावर दिवसा इंडक्शन वापरण्यास हरकत उरणार नाही, मग सोलर कुकरची गरज काय, असे धाकट्या भावाने विचारले. माझ्या हिशोबाने गरज राहते. डाळ पेटीत शिजली तर पॅनेलची तेवढी वीज ग्रिडमध्ये जाते आणि तेथे कोळशावरच्या विजेची जागा घेते, म्हणून त्या वेळी पेटीतल्या डाळीने होणारी बचत आजच्याहून जास्तच भरेल. फक्त रबरी पट्टी आधी बदलून घ्यावी लागेल.